गुरुजींची ऑटोमॅटिक: गिअरबॉक्सच्या ऑइलचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि दोन वर्षांत त्यांचा डावा गुडघा बदलावा लागला. ऑपरेशन चांगलं झालं, पण क्लच दाबायचा म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलानं यावर तोडगा काढला. तिकडच्याच एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून त्यानं ऑटोमॅटिक पेट्रोल सेदान घेतली, जानेवारीत स्वतः चालवत अंबाजोगाईला आणली आणि दारात उभी केली. मॉडेल २०१२ चं, मीटरवर एक्क्याऐंशी हजार किलोमीटर, पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून पुढे पोचवणारा गिअरबॉक्स. रंग चकचकीत, सीटवर नवी कव्हरं. सर्व्हिसची फाईलही जाडजूड होती.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. गुरुजींनी मला तिसरी-चौथीला शिकवलेलं, त्यामुळे गाडीचं काहीही झालं की फोन मलाच. माझा एक जुना विद्यार्थी गावातच गॅरेज चालवतो. हे प्रकरण आम्हा तिघांत घडलं. पुढे जी चूक येते ती माझी आहे, विद्यार्थ्याची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तक्रार काय होती

फेब्रुवारीच्या शेवटी गुरुजी बीडला दवाखान्यात जाऊन परत येत होते. बीड सोडलं की मांजरसुंब्याचा घाट चढावा लागतो. कारखान्यांचा हंगाम संपत आलेला, पण उसाच्या डबल ट्रॉल्या अजून रस्त्यावर होत्या. अशाच एका ट्रॅक्टरच्या मागे ते बराच वेळ अडकले. गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात जायची, लगेच मागे यायची, पुन्हा वर जायची, आणि प्रत्येक वेळी खालून दणका.

"लेका, गाडी झटके मारायली. कामून असं?" गुरुजींनी नेकनूरला चहाला थांबून फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. रात्रभर उभी असलेली गाडी चालू केली, ब्रेक दाबून लिव्हर डीमध्ये टाकला. काही झालं नाही. मनात एक, दोन मोजलं आणि मग धप्पकन गिअर लागला. आतला ऑइलचा दाब उशिरा तयार होतोय, हे तेवढ्यावरून कळत होतं. तो उशिरा का तयार होतोय, हा खरा प्रश्न होता.

फाईल उघडली. इंजिन ऑइल, एअर फिल्टर, ब्रेक पॅड यांच्या नोंदी वेळच्या वेळी. गिअरबॉक्सच्या ऑइलचा उल्लेख एकदाच, तोही "एटीएफ टॉप अप" एवढाच. कोणतं ऑइल, किती, कशासाठी, काहीच नाही. एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं फ्लुइड. साध्या गिअरबॉक्समधलं ऑइल वंगणाचं काम करतं. इथं तेच पातळ लाल तेल वंगणही करतं, कन्व्हर्टरमधून इंजिनाची ताकद पुढे पोचवतं, दाबाने आतले क्लच आवळतं, आणि उष्णताही वाहून नेतं. लाल रंग मुद्दाम घातलेला असतो, गळती झाली तर इंजिन ऑइलपासून वेगळी ओळखू यावी म्हणून.

पहिली तपासणी आणि माझी चूक

या गाडीला ऑइल बघायची पट्टी आहे, हे नशीब. अलीकडच्या बऱ्याच ऑटोमॅटिकना ती नसतेच. गाडी लिफ्टवर सपाट उचलून, ऑइल ठरावीक तापमानाला आणून, चेक प्लग उघडून ऑइल कितपत ओघळतं ते बघावं लागतं.

मी शिकलो तेव्हापासून डोक्यात एकच पद्धत बसलेली: इंजिन गरम करा, सगळ्या गिअरमधून लिव्हर फिरवा, पार्कमध्ये आणा आणि इंजिन चालू ठेवूनच पट्टी बघा. वर्गातही हेच शिकवत आलो. तसंच केलं. पट्टीवर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली.

"कमी आहे, म्हणूनच दाब बनत नाही," असं मी छातीठोकपणे सांगितलं. विद्यार्थ्यानं योग्य ग्रेडचं ऑइल आणलं आणि इंजिन चालू असतानाच पट्टी बरोबर मधोमध येईपर्यंत आम्ही ते थोडं थोडं ओतत गेलो. सहाशे मिलीच्या आसपास गेलं.

आठवडा गेला नाही तोच गुरुजी परत. आता झटक्यांसोबत बारीक किणकिण आवाज, आणि गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला, हवा बाहेर पडायच्या नळीपाशी, लालसर तेलकट थर. पट्टी ओढली तर तिला ऑइल नव्हे, फेस लागलेला. उसाचा रस गाळल्यावर पेल्यात वर राहतो ना, तसे बारीक बुडबुडे.

तेव्हा विद्यार्थ्यानं ग्लोव्ह बॉक्समधून गाडीचं पुस्तक काढलं. बारा-तेरा वर्षांत कुणी त्याचं प्लास्टिकही फाडलं नव्हतं. तो पानं चाळत बसला आणि मग जरा चाचरतच म्हणाला, "सर, हे तर इंजिन बंद करून बघा म्हणायलंय."

पुस्तकाचं म्हणणं असं: गाडी सपाट जागी ठेवा. रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत इंजिन गरम करा. इंजिन बंद करा. त्यानंतर साठ ते नव्वद सेकंदांच्या आतच पट्टी काढा, पुसा, घाला, पुन्हा काढा आणि वाचा.

फरक का पडतो, ते आता सांगायला सोपं. इंजिन चालू असताना पंप बरंचसं ऑइल कन्व्हर्टर, कूलरच्या नळ्या आणि वाल्व्ह बॉडीत (क्लचकडे ऑइलचा दाब वळवणाऱ्या भागात) फिरवत असतो, म्हणून तळात कमी दिसतं. ज्या गिअरबॉक्सची पट्टी इंजिन बंद अवस्थेसाठी आखलीय, ती चालू इंजिनावर वाचली की ऑइल भरपूर असूनही कमीच दिसणार. आपण ओतणार. मग वाढलेली पातळी फिरणाऱ्या गिअरपर्यंत पोचते, ते ऑइल घुसळतात आणि फेस होतो. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. फेसात हवाच जास्त, त्यामुळे क्लचला दाब पुरत नाही. ऑइल कमी असलं तरी झटके, जास्त असलं तरी झटके. लक्षणं जुळी भावंडांसारखी, आणि उपाय एकमेकांच्या उलट.

जास्तीचं ऑइल काढायला विद्यार्थ्यानं मेडिकलमधून पन्नास मिलीची सिरिंज आणि सलाईनची नळी आणली. पट्टीच्या भोकातून नळी सोडून बारा वेळा ओढावं लागलं. गुरुजी खुर्ची टाकून मोजत होते. मला ती बारा ओढणी अजून लक्षात आहेत.

पातळी पुस्तकाप्रमाणे बरोबर आल्यावर किणकिण गेली. झटके मात्र थोडे कमी झाले इतकंच. म्हणजे मूळ दुखणं तसंच होतं.

ऑइलची अवस्था

आता ऑइल नीट बघितलं. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून दहा मिनिटं ठेवला. चांगला थेंब लालसर आणि एकसारखा पसरतो. हा मधोमध काळपट राहिला आणि कडेला फिकट तपकिरी कडं आलं. वासही करपट, कढईत तेल जास्त तापल्यासारखा.

एक भीती होती. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या ऑइलचा कूलर रेडिएटरच्याच टाकीत बसवलेला असतो. तो आतून फुटला तर कूलंट ऑइलमध्ये शिरतं आणि ऑइल गुलाबी दुधासारखं होतं. मग क्लचच्या प्लेटांवरचं अस्तर सुटायला लागतं, आणि तिथून परतीची वाट नसते. आम्ही जुना लोखंडी तवा तापवला आणि त्यावर ऑइलचा थेंब सोडला. पाणी असेल तर तो तडतडतो. हा नुसता धुरकटला. सुटकेचा निःश्वास टाकला आणि रेडिएटरचा विषय तिथंच मिटला असं समजलो. ही आमची दुसरी चूक, पण ती कळायला मे उजाडला.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता काहीच न करणं. गावातल्या एका अनुभवी मिस्त्रीनं हेच सांगितलं: "जुनं ऑइल काढू नका. नवं टाकलं की गिअरबॉक्स बसतो." हे वाक्य महाराष्ट्रभर ऐकू येतं आणि ते अगदी खोटंही नाही. क्लचच्या प्लेटा पार झिजल्या असतील तर त्यांचाच भुगा जुन्या ऑइलमध्ये तरंगत असतो आणि त्यावर थोडीफार पकड टिकून असते. नवं ऑइल घातलं की ती जाते. पण असा गिअरबॉक्स तसाही शेवटच्या घटका मोजत असतो, आळ मात्र ऑइलवर येतो. आमच्या गाडीत पळताना क्लच घसरल्याचं लक्षण नव्हतं. इंजिन नुसतंच घोंघावतंय आणि वेग वाढत नाही, असं एकदाही झालं नव्हतं. म्हणून मी हा सल्ला मानला नाही.

दुसरा, शहरात नेऊन मशीननं संपूर्ण फ्लश. एकाच दिवसात काम होतं. पण वर्षानुवर्षांचा साका दाबानं एकदम सुटून वाल्व्हच्या बारीक वाटांत अडकण्याचा धोका असतो. त्या मशीनमध्ये आधीच्या गाडीचं कोणतं ऑइल उरलंय, हेही आपल्याला कळत नाही. तिसरा, काढीव गिअरबॉक्स आणून बसवणं. एका गॅरेजनं गाडी न उघडताच पंच्याऐंशी हजार सांगितले होते. काढीव मालाचा इतिहास आपल्या मालापेक्षाही अंधारात, म्हणून तो बाद.

मुलाचं म्हणणं, गाडी विकून टाका. त्यावर गुरुजी एवढंच म्हणाले, "माझ्या गळ्यात घातली तशी मी दुसऱ्याच्या गळ्यात घालू का?"

उरला टप्प्याटप्प्यानं ऑइल बदलायचा मार्ग. खालचा बोल्ट काढून जेवढं येईल तेवढं काढायचं, तेवढंच नवं भरायचं, काहीशे किलोमीटर चालवायचं आणि पुन्हा तेच. वेळ लागतो, ऑइलही जास्त लागतं. पण प्रत्येक टप्प्यावर थांबून बघता येतं आणि नको वाटलं तर सोडता येतं. मला या मार्गाची हीच बाजू पटली.

काय केलं

आधी ऑइलची ग्रेड. "ऑटोमॅटिकचं ऑइल द्या" म्हणून दुकानात गेलं की काहीही हातात पडतं. टोयोटाचं डब्ल्यूएस, ह्युंदाईचं एसपी-फोर, होंडाचं डीडब्ल्यू-वन ही सगळी एटीएफच, पण एकाऐवजी दुसरं चालेलच असं नाही. सीव्हीटीला, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकला, तर वेगळंच फ्लुइड लागतं. त्यात साधं एटीएफ गेलं तर पट्टा आणि पुली खराब होतात. आणि एएमटी, म्हणजे २०१४ मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे आलेला प्रकार, हा मुळात साधाच गिअरबॉक्स असतो. क्लच आणि गिअर मशीन हलवतं इतकंच, त्यात एटीएफनं भरलेला कन्व्हर्टर नसतो. लोक मात्र सगळ्यांनाच ऑटोमॅटिक म्हणतात. आम्ही पुस्तकात लिहिलेलंच ऑइल सीलबंद डब्यात मागवलं.

गाडी आयटीआयच्या खड्ड्यावर घेतली. पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणलेली, ऑइल कोमट. बोल्ट सोडला आणि ट्रेमध्ये धार लागली, कडक कोऱ्या चहाच्या रंगाची. धार थांबल्यावर ऑइल खुणा केलेल्या बाटल्यांत मोजलं: अडीच लिटर. भरताना हिशेब लागतो तो इथं. जेवढं निघालं तेवढंच भरायचं, मग पट्टीनं खात्री करायची.

बोल्टच्या टोकाला चुंबक असतो. त्यावर काळपट करड्या रंगाची लोण्यासारखी पेस्ट साचलेली. विद्यार्थ्यानं ती बोटांत चोळली आणि माझ्याकडे पाहिलं. कण लागत नव्हते. अशी मऊ पेस्ट म्हणजे नेहमीची झीज. कीस, तुकडे, पितळी चकाकी दिसली असती तर मी गुरुजींना तिथंच थांबवलं असतं. चुंबक पुसला, नवं वॉशर घालून बोल्ट आवळला.

एका वेळी सगळं ऑइल निघत नाही, कारण बरंचसं कन्व्हर्टरमध्ये अडकलेलं असतं. एकूण सहा लिटर धरलं आणि दर वेळी अडीच निघालं, तर पहिल्या फेरीनंतर जुनं ५८ टक्के उरतं, दुसऱ्यानंतर ३४ आणि तिसऱ्यानंतर २०. गुरुजींनी हे गणित स्वतः फळ्यावर मांडून आयटीआयच्या पोरांना समजावलं. पोरं माझ्या तासापेक्षा शांत बसली होती.

मार्चभर, दोन फेऱ्यांत तीनेकशे किलोमीटरचं अंतर ठेवून, तीन वेळा बदललं. दुसऱ्या फेरीनंतर सकाळचा धप्पा कमी झाला. तिसऱ्यानंतर दोन सेकंदांचा उशीर एकावर आला. मी प्रकरण बंद केलं.

मे महिना

लग्नसराई. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर. गुरुजी गाडीत पाच माणसं घेऊन, एसी लावून बीडहून दुपारी निघाले. त्याच घाटात तेच झटके.

गाडी आली आणि विद्यार्थ्यानं आधी कागद काढला. थेंब तपकिरी. तिसऱ्या बदलाला जेमतेम नऊशे किलोमीटर झाले होते. वीस टक्के जुनं ऑइल त्यात होतं हे धरूनही, एवढ्यात असा रंग यायला नको. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ऑइल जुनं होतं म्हणून करपलं असं आम्ही धरून चाललो होतो. खरं तर कुणीतरी ते करपवत होतं. ढोबळ नियम असा की नेहमीच्या तापमानापेक्षा दर दहा-अकरा अंश वाढले की एटीएफचं आयुष्य निम्मं होतं.

"गुरुजी, रेडिएटरमध्ये काय टाकता?"

"पाणी. दर आठवड्याला अर्धा लिटर लागतं. डिकीत कॅन असतो ना बोअरच्या पाण्याचा."

आधीच्या तीन महिन्यांत हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड असतं ते कुणाच्याही घरातल्या गिझरचा कॉइल सांगेल. टाकीचं झाकण उघडलं तर आत पांढुरका थर आणि गंजाचं तांबूस पाणी. आधीच्या मालकानंही असंच पाणी वापरलं असणार, एवढा थर पाच महिन्यांत बसत नाही. गुरुजी कौतुकानं सांगायचे की गाडीचा पंखा सारखा चालू असतो, लई चांगली थंड ठेवतो. त्या बिचाऱ्याला बंद व्हायची सोयच नव्हती.

इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरवर वरून खाली फिरवला. करोनाच्या काळातली कपाळाला लावायची बंदूक इथं चालत नाही, ती माणसाच्या तापापुरतीच मोजते. कारखान्यातल्या मित्राकडून वेगळी आणली. कडेचे पट्टे कडक गरम आणि मधला मोठा भाग गार. गार म्हणजे तिथून पाणी फिरतच नाही, नळ्या बुजलेल्या. याच रेडिएटरच्या टाकीत गिअरबॉक्सचा कूलर. त्यात ट्रॉलीमागे रांगताना कन्व्हर्टर सर्वांत जास्त घसरतो, ही घसरण थांबवणारा आतला लॉक-अप क्लच लागत नाही, आणि ती सगळी घसरण उष्णता होऊन ऑइलमध्ये जाते. घाटातच झटके का, याचं उत्तर मिळालं.

रॉडिंग करून नळ्या मोकळ्या करायचा जुना उपाय तांब्या-पितळेच्या रेडिएटरला चालायचा. हा ॲल्युमिनियमचा, वर प्लास्टिकच्या टाक्या. बदललाच. एका होजच्या क्लिपपाशी बारीक गळती सापडली, आठवड्याचा अर्धा लिटर तिथून जात होता. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे भरलं. गिअरबॉक्सचं ऑइल चौथ्यांदा बदललं.

निष्पत्ती

दहा लिटर ऑइल, वॉशर, रेडिएटर, होज, कूलंट, मजुरी, सगळं पंचवीस हजारांच्या आत बसलं. त्यानंतर पावसाळा गेला, उसाचा पुढचा हंगाम सुरू झाला. घाटात झटका नाही. गुरुजींना स्टिअरिंगमागच्या पॅडलनं गिअर दुसऱ्यात धरून ठेवायला शिकवलंय, म्हणजे ट्रॉलीमागे गाडी दोन-तीनच्या मध्ये हेलकावत नाही. थंडीत पहिल्या अर्ध्या किलोमीटरला दोनवरून तीन जाताना गाडी किंचित अडखळते. ते राहिलंय आणि बहुधा राहील. करपलेल्या ऑइलवर ती किती चालली, याचा हिशेब कुणाकडे नाही.

वेगळं काय करता आलं असतं

गाडी घेण्याआधी पुण्यातच थंड इंजिनावर लिव्हर डीमध्ये टाकून बघायला हवं होतं. मुलानं चालवून बघितली ती विक्रेत्यानं आधीच गरम करून ठेवलेली. पट्टी ओढून कागदावर थेंब घ्यायला पाच मिनिटं लागली असती, आणि किंमत नक्कीच खाली आली असती.

पुस्तक मी पहिल्याच दिवशी उघडायला हवं होतं. हे लिहितानाही लाज वाटते. वर्गात आता मी आधी पद्धत सांगत नाही, आधी विचारतो की गाडी कोणती.

पण सर्वांत जास्त खटकतं ते तव्यावरचं. कूलर फुटलाय का, एवढंच आम्ही तपासलं. कूलर थंड करतोय का, हे नाही. रेडिएटरपाशी पोचून तिथूनच मागे फिरलो. तेव्हा झाकण उघडलं असतं तर मार्चमधलं साडेसात लिटर ऑइल त्या उन्हाळ्यात करपलं नसतं.

बाहेरून वेगळा कूलर लावावा का, यावर विद्यार्थी आणि मी अजून भांडतो. तो म्हणतो लावा, उन्हाळा दर वर्षी येतो. मी म्हणतो नवा रेडिएटर आहे, एक मे काढून बघू. गुरुजींनी या भांडणात पडायचं नाकारलंय. त्यांनी एक वही घातलीय: तारीख, किलोमीटर, पट्टीची खूण, रंग. रंगाच्या रकान्यात त्यांचे स्वतःचे शब्द आहेत, डाळिंब, वीट, काथ. परवा बघितली तेव्हा शेवटच्या ओळीत "डाळिंब" होतं, आणि शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या ओळखीच्या अक्षरात "प्रगती समाधानकारक".